गवताचा वसंत

फाल्गुन सरत आला आणि शिमग्याची होळी विझली, म्हणजे मेढ्याच्या आसपासचे डोंगर रात्रीच्या वेळीं पेटलेले दिसूं लागतात. वेण्णेच्या खोऱ्यांत उभें राहून वर पाहिलें, तर डोंगराच्या कडेवरून एक तांबडी माळ वाकडीतिकडी होत सरकत आहे असा भास होतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच उतार काळाठिक्कर पडलेला असतो. दूरच्या प्रवाशाला रात्रीचें तें दृश्य रमणीय वाटतें. वनरक्षकाला तें संतापजनक वाटतें. आणि ज्याच्या गोठ्यांत दोन म्हशी व एक बैलजोडी आहे अशा जावळीच्या शेतकऱ्याला मात्र पुष्कळदां तें खत घालण्याचेंच एक काम वाटतें. डोंगर जाळला म्हणजे गवत जोरानें येतें, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. राख हें खत, वणवा हा तें पसरणारा फुकटचा मजूर आणि चैत्र ही तें पसरण्याची वेळ, असा हा हिशोब आहे. या हिशोबांत खरें किती आणि चुकीचें किती, हें तपासून पाहण्यासारखें आहे; कारण त्यावर जनावरांची वैरण, डोंगराची माती आणि अखेर खालच्या गांवांचें पाणीहि अवलंबून आहे.

मेढा हें जावळी तालुक्याचें ठाणें. वेण्णा नदी महाबळेश्वरच्या पठारावरून उतरते, मेढ्यावरून पुढें जाऊन कण्हेरच्या धरणांत सांठते आणि सातारच्या जवळ माहुलीच्या संगमावर कृष्णेला मिळते. या थोड्या अंतरांत पावसाचें मान किती झपाट्यानें उतरतें पाहा. महाबळेश्वरीं वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर साताऱ्यास तो एक हजारांच्या आसपास येऊन ठेपतो. मेढा या दोहोंच्या मधला. परंतु पाऊस कमी असो वा अधिक, तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने आकाश कोरडें. या चार आणि आठ महिन्यांच्या विभागणींतच येथल्या गवताचें सारें शास्त्र सांठलेलें आहे.

कुरणाला वसंत ऋतूंत खत घालावें, असा उपदेश शेतीच्या पुष्कळ परदेशी ग्रंथांत आढळतो, आणि तो त्या त्या देशांत अगदीं योग्य आहे. इंग्लंड किंवा हॉलंड या देशांत हिंवाळ्यांत जमीन ओली असते, पण थंडीनें गारठलेली असते. गवत जिवंत असूनहि झोंपलेलें असतें. ऊन वाढूं लागलें कीं मुळें जागीं होतात आणि त्याच वेळीं त्यांना नत्राची भूक लागते. हॉलंडमधल्या शेतकऱ्यांनीं यासाठीं एक सोपें गणित बसविलेलें आहे. एक जानेवारीपासून रोजच्या सरासरी उष्णमानाचे अंश मिळवीत जावयाचे. शून्याखालचे दिवस सोडून द्यावयाचे. आणि बेरीज दोनशें अंशांवर आली, कीं कुरणाला वर्षाचें पहिलें नत्र द्यावयाचें. त्यापूर्वीं दिलेलें खत पावसानें वाहून जातें, त्यानंतर फार उशीर केला तर पहिला बहर हुकतो. म्हणजे त्या देशांत गवताच्या कोठाराला कुलूप आहे तें थंडीचें, आणि त्याची किल्ली आहे ती उष्णता.

मेढ्याच्या डोंगरावर हें कुलूपच निराळें आहे. चैत्रांत येथें उष्णतेचा तोटा नाहीं. तोटा आहे तो ओलाव्याचा. पळस-पांगारा फुललेला असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात, कोकिळा ओरडत असते. पण या झाडांचीं मुळें खोल गेलेलीं असतात, म्हणून त्यांना हा थाट परवडतो. वीतभर मुरमांत मूळ धरून राहिलेल्या गवताला तो परवडत नाहीं. त्याचा वसंत चैत्रांत येत नाहीं, मृगांत येतो. म्हणून परदेशी ग्रंथांतला महिना घ्यावयाचा नाहीं, त्यामागचा नियम घ्यावयाचा: गवत जागें होईल तेव्हां त्याला वाढावें. झोंपलेल्यापुढें ताट मांडलें, तर तें दुसराच कोणी खाऊन जातो. चैत्रांत तापलेल्या जमिनीवर यूरिया फेंकला आणि त्यावर वळिवाची एखादी हलकी सर आली, तर त्यांतलें बरेंचसें नत्र अमोनियाच्या रूपानें हवेंत उडून जातें. पैसा शेतकऱ्याचा आणि लाभ वाऱ्याचा, असा तो व्यवहार होतो.

आतां वणव्याचा हिशोब पाहूं. चैत्रांत उभ्या असलेल्या वाळल्या गवतांत शेंकडा तीन भाग प्रथिनें धरलीं, तर एका टनांत सुमारें पांच किलो नत्र असतें. दहा-अकरा किलो यूरियांत असतें तितकें हें नत्र आहे. गवत पेटलें, कीं त्यांतलें बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जातें. राखेंत तें उरत नाहीं. राखेंत उरतें तें पालाश, चुना आणि थोडें स्फुरद. हीं द्रव्यें खरोखरच उपयोगी आहेत, आणि राख म्हणजे खत या समजुतींतला खरा अंश तो एवढाच. परंतु ही हलकी राख उघड्या उतारावर दोन-अडीच महिने पडून राहावयाची असते. वैशाखाचा वारा तिच्यांतली कांहीं उडवून नेतो. मग मृगाची पहिली जोराची सर येते. तिचे थेंब झेलण्यास उतारावर गवताची काडीहि उरलेली नसते. राख तर वाहतेच, पण तिच्यासंगें वर्षानुवर्षें तयार झालेली वरची सुपीक मातीहि ओढ्याला लागते आणि वेण्णेच्या वाटेनें धरणाच्या तळाशीं जाऊन बसते. शिवाय जळालें तें गवत नुसतें खत नव्हतें. ती वैरण होती. एका जनावराला दिवसाला सात किलो वाळली वैरण धरली, तरी एक टन गवत म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळाची त्याची तजवीज होय. ती जाळावयाची आणि त्याच वैशाखांत कडब्याच्या पेंढीसाठीं बाजारांत उभें राहावयाचें, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणतां यावयाचा नाहीं.

तरीहि शेतकऱ्याचा डोळा त्याला खोटें सांगत नाहीं. जळालेल्या जागीं हिरवे कोंब लवकर दिसतात ही गोष्ट खरी. पण त्याचें कारण राखेंत नसून गवताच्या बुडख्यांत आहे. जुन्या काड्यांचें पांघरूण निघून गेल्यामुळें जमिनीला ऊन लागतें, आणि मुळांनीं पुढच्या हंगामासाठीं सांठविलेलें अन्न खर्चून गवत कोंब काढतें. हा नफा नव्हे, ही ठेव मोडून केलेली दिवाळी होय. त्या कोंवळ्या कोंबांवर लगेच जनावरें सोडलीं, म्हणजे ठेवहि जाते आणि व्याजहि जातें. दरवर्षीं असें झालें, तर मारवेलासारखें गोड आणि पवन्यासारखें भरघोस गवत मागें पडतें. वणवा सोसण्यांत पटाईत असलेली कुसळी पुढें सरसावते. कुसळी कोंवळी असतांना जनावर खातें, पण ती पक्व झाली कीं तिचीं टोंकदार कुसळें मेंढरांच्या लोकरींत आणि गुरांच्या तोंडांत रुततात. आग डोंगराला हिरवा करते, पण दरवर्षीं थोडा अधिक निकस करते.

येथें राबाची आठवण कोणी काढील. भात-नाचणीच्या रोपांसाठीं पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून वाफा भाजण्याची पद्धत सह्याद्रींत फार जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह तिचा अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्धहि केला. परंतु राब आणि वणवा यांत मोठा भेद आहे. राब हा मोजक्या सपाट वाफ्यावर, माणसाच्या नजरेखालीं भाजला जातो. त्यानें तणाचें बीं मरतें आणि राख जागच्या जागीं मातींत मिसळली जाते. वणव्याला ना वाफा, ना बांध, ना धनी. शेजाऱ्याची गंजी, आंब्याची कलमें आणि राखीव जंगल यांत त्याला फरक कळत नाहीं. राखीव जंगलांत आग लावणें हा तर १९२७ च्या वन कायद्यानें गुन्हाच ठरलेला आहे.

मग डोंगरावरच्या गवताला खताची गरज नाहीं काय? गरज आहे, आणि ती मोठी आहे. दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचें गवत कापून भारे खालीं येतात. तें गोठ्यांत खपतें, त्याचें शेण होतें. तें शेण भाताच्या खाचरांत जातें, नाहींतर गोवऱ्या होऊन चुलींत जातें. डोंगराकडे परत कांहींच जात नाहीं. पिढ्यान् पिढ्या डोंगर देत आला आहे आणि त्याला कोणी देत नाहीं. ज्या खात्यांतून नुसतें काढलेंच जातें, त्या खात्यांत एक दिवस कांहीं उरत नाहीं. खत म्हणजे डोंगराचें हें देणें थोडें थोडें फेडणें होय.

तें कसें फेडावें? पहिला मान शेणखताचा. एकरीं दोन टन, म्हणजे चार-पांच बैलगाड्या, चांगलें कुजलेलें शेणखत मृगाच्या तोंडावर पसरलें, तर त्यांतून सुमारें दहा किलो नत्र जमिनींत जातें आणि मुरमाड मातीची पाणी धरण्याची शक्तिहि वाढते. पण शेतालाच पुरेसें खत नसतें, हें खरें आहे. म्हणून सगळ्या डोंगराला तें घालण्याचा हट्ट धरूं नये. गांवाजवळचा एखादा एकर निवडावा. ज्यांच्याकडे गोबर-वायूचें यंत्र आहे, त्यांना चूलहि पेटवितां येते आणि यंत्रांतली मळीहि खत म्हणून हातीं राहते. पूर्वेकडच्या दुष्काळी भागांतून मेंढपाळ धनगर आपले कळप घेऊन पश्चिमेकडे हिंडत असतात. धान्य किंवा पैसा देऊन शेतांत मेंढ्या बसविण्याची चाल सर्वांच्या माहितीची आहे. त्याच मेंढ्या चार रात्री गवताच्या पडीवर बसविल्या, तर लेंडी आणि मूत्र दोन्ही तेथें पडतात. चैत्रांत कुरणाला कांहीं द्यावयाचेंच असेल, तर आगीपेक्षां हें दान शतपटीनें बरें.

वरखताचें प्रमाणहि माफक असावें. पावसाच्या पाण्यावरच्या कुरणाला हेक्टरीं चाळीस किलोपर्यंत नत्र आणि वीस किलो स्फुरद साधारणपणें पुरें होतें. एकराच्या हिशोबानें तें पस्तीस किलो यूरिया आणि पन्नास किलोची एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट इतकें भरतें. या दोहोंचा वेळ मात्र एक नाहीं. जावळीची तांबडी माती आम्ल असून तिच्यांतलें लोह स्फुरदाला धरून ठेवतें. म्हणून सुपर फॉस्फेट मृगाच्या आरंभींच द्यावें आणि शक्य तर शेणखतांत मिसळून द्यावें. तें वाहून जाण्याची भीति थोडी असते. नत्राची गोष्ट उलट आहे. तें पाण्याबरोबर पळतें, आणि आषाढांतल्या येथल्या झडीपुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. म्हणून गवत वीतभर उंच झाल्यावर, पावसाची उघडीप पाहून, निम्में नत्र द्यावें. राहिलेलें निम्में बेंदूर होऊन गेल्यावर, जोराची झड ओसरली म्हणजे, पुन्हां उघडीप पाहून द्यावें. आभाळ कोसळत असतांना यूरिया फेंकणें म्हणजे तो थेट वेण्णेच्या स्वाधीन करणें होय.

याहूनहि स्वस्त नत्र एक आहे, आणि तें विकत घ्यावें लागत नाहीं. शेंगवर्गी वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतलें नत्र धरून जमिनींत आणतात. स्टायलो ही त्या वर्गांतली चाऱ्याची वनस्पति भारतांतील अनेक कुरणांत गवताच्या जोडीला पेरली जाते. तिचें बीं कठीण कवचाचें असतें, म्हणून तें थोडा वेळ गरम पाण्यांत भिजवून, एकरीं दोन-तीन किलो या मानानें, मृगाच्या पावसावर पडीक चराऊ जमिनींत फोंकावें. गवताला नत्र मिळतें आणि जनावराच्या तोंडीं अधिक सकस चारा पडतो. अशा जोडीला स्फुरद द्यावें, नत्र फार देऊं नये. नत्राच्या जोरावर माजलेलें गवत शेंगवर्गी वेलींना झांकून मारतें.

या शेवटच्या गोष्टीला पुरावा आहे तो फार दूरचा, पण फार भक्कम. लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथें जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनीं १८५६ सालीं एका कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला निरनिराळें खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्यापि चालू आहे. ज्या तुकड्यांना केवळ स्फुरद, पालाश वगैरे द्रव्यें दिलीं, तेथें शेंगवर्गी वनस्पति वाढल्या. ज्यांना वर्षानुवर्षें अमोनियम सल्फेटच्या रूपानें भरपूर नत्र दिलें आणि चुना दिला नाहीं, तेथली माती आंबट होऊन दोन-तीन जातींचें गवत तेवढें उरलें. आणि ज्या तुकड्याला कांहींच दिलें नाहीं, तेथें गवत थोडें आलें, पण चाळिसाच्या आसपास जातींच्या वनस्पति नांदत राहिल्या. खत गवत वाढवितें हें या कुरणानें दाखविलें, तसेंच खत निवडहि करतें हेंहि दाखविलें. कोणाला वाढवावें आणि कोणाला घालवावें, याचा विचार खत देणाऱ्यानें आधींच करावयाचा असतो.

जावळीला हा धडा विशेष लागू आहे. कारण याच मुलुखाच्या माथ्यावर कासचें पठार आहे. जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीचे हे सडे सह्याद्रीच्या जागतिक वारशांत २०१२ सालीं गणले गेले. भाद्रपदांत तेथें फुलणारी सीतेचीं आसवें आणि तिच्याच संगतींत वाढणारी दवबिंदू या वनस्पति किडे पकडून खातात, त्या कांहीं हौसेनें नव्हे. जमिनींत नत्र नाहीं म्हणून. त्या दारिद्र्यावरच त्यांचा संसार उभा आहे. अशा सड्यावर मूठभर यूरिया पडला, तर दांडगें गवत माजेल आणि हीं चिमुकलीं फुलें त्याच्या सावलींत नाहींशीं होतील. तेव्हां खत घालावयाचें तें गांवाच्या पडीवर, गायरानावर आणि वरकस उतारावर, सड्यावर नव्हे. कोठें द्यावें हें जाणण्याइतकेंच कोठें देऊं नये हें जाणणें महत्त्वाचें आहे.

खत देऊन वाढविलेलें गवत वेळेवर कापलें नाहीं, तर सगळा खटाटोप फुकट जातो. फुलोऱ्यांत आलेल्या गवतांत शेंकडा सहा-सात भाग प्रथिनें असतात. तेंच उभ्यानें वाळून पिवळें पडलें, कीं दोन-तीन भाग उरतात. भारा तेवढाच, पण पोषण निम्म्याहून कमी. अडचण अशी, कीं गवताला फुलोरा येतो तेव्हां जावळींत पाऊस पुरता हटलेला नसतो आणि कापलेलें गवत कुजण्याची भीति असते. म्हणून हस्ताचा पाऊस सरतांच, दिवाळीची वाट न पाहतां, विळा बाहेर काढावा. गवत वेळेवर कापून गंजीला लागलें, तर फाल्गुनांत डोंगरावर जाळण्यासारखें थोडेंच उरतें. वणव्याला खरा आळा बसतो तो विळ्यानें.

हें सारें ऐकून मेढ्याच्या वरच्या एखाद्या वाडींतला शेतकरी विचारील, कीं हें करावयाचें कोणीं? तरणीं माणसें मुंबईला गोदींत, बाजारांत, गिरण्या होत्या तोंवर गिरण्यांत गेलीं. घरीं म्हातारीं माणसें आणि बायका उरल्या. डोंगर पेटवावयास एक काडी पुरते. खताची पाटी वर न्यावयास खांदा लागतो. हा प्रश्न खोटा नाहीं, आणि वणव्याचें मूळ पुष्कळ अंशीं अज्ञानापेक्षां या मनुष्यबळाच्या टंचाईंतच आहे. म्हणूनच आरंभ लहान करावा. घराजवळच्या पडीचे दोन गुंठे निवडावे. एका गुंठ्याला शेणखताच्या आठ-दहा पाट्या आणि सव्वा किलो सुपर फॉस्फेट मृगांत द्यावें, वर सांगितलेल्या वेळीं मूठ मूठ यूरिया द्यावा. दुसऱ्याला कांहीं देऊं नये. दोन्हीवर आग येऊं नये म्हणून भोंवतीं चार हात रुंद पट्टी खरडून ठेवावी आणि पावसाळाभर जनावर आंत जाऊं देऊं नये. हस्त सरला म्हणजे दोन्हीकडचें गवत निरनिराळें कापून, वाळवून, तोलून पाहावें. ताजव्याचा निकाल व्याख्यानाहून अधिक पटतो.

मग पुढच्या फाल्गुनांत कोणी आगपेटी घेऊन डोंगराकडे निघालाच, तर त्याला अडविण्यास कायद्याची गरज पडणार नाहीं. गोठ्यामागची गंजीच त्याला सांगेल, कीं जें जाळावयास निघालास तें हेंच. आणि ज्या वसंताच्या नांवानें जाळावयास निघालास, तो गवताचा वसंत अजून तीन महिने दूर आहे.